एका खुंट्यावर दोघींचे हात

जात्यावर दळायला शक्यतो दोघी बसत. समोरासमोर, मध्ये जातं, आणि एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एकीनं ओवी धरली की दुसरी ती उचलायची. पहिलीचा दम सरला की तिथून दुसरीचा आवाज लागायचा. पीठ दोघींच्या जोरावर पडायचं आणि गाणंही दोघींच्या गळ्यावर चालायचं. आज याला सामूहिक कला म्हणतात. अशा कलेतून अन्यायाची जाण येते, मनाच्या जखमा भरायला मदत होते, असं आता जगभर बोललं जातं.

धाराशिव जिल्ह्यात हा विषय निघाला की काही समजुती हमखास पुढे येतात. काहींमध्ये कलेला फार कमी लेखलेलं असतं, तर काहींमध्ये तिला पेलणार नाही एवढा भार तिच्यावर टाकलेला असतो. दोन्ही चुकांची किंमत दुःखात असलेल्या माणसालाच मोजावी लागते. म्हणून या समजुती नीट तपासायला हव्यात.

गैरसमज : आधी पाणी, मग गाणी. दुष्काळी जिल्ह्याला कलेची चैन परवडत नाही.

वस्तुस्थिती : पाणी आधी, याबद्दल वाद नाही. बालाघाटाच्या पठारावरचा, पर्जन्यछायेतला हा जिल्हा. १९७२चा दुष्काळ इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून काल घडल्यासारखा येतो. पण पोट भरल्यावर कला सुचते, हा क्रम इथल्या जगण्यात कधीच नव्हता. ओवी जन्मली पहाटेच्या अंधारात, दिवसभराच्या मजुरीला निघण्याआधी. त्या वेळी कणगीत किती दाणे उरलेत, हे दळणाऱ्या बाईइतकं घरात कुणालाच ठाऊक नसे. पोटात भूक आणि ओठांवर ओवी अशा दोन्ही गोष्टी एकाच बाईपाशी, एकाच वेळी असत.

दूरच्या चिली देशातही हेच घडलं. तिथं १९७३मध्ये लष्करानं सत्ता बळकावली आणि हजारो माणसं तुरुंगात गेली, मारली गेली, कित्येक कायमची नाहीशी झाली. मागं राहिलेल्या आया-बायका एकत्र बसून गोणपाटावर जुन्या कापडाचे तुकडे जोडून चित्रं शिवू लागल्या: रिकामी खुर्ची, दाराशी आलेले शिपाई, हातात फोटो घेऊन उभ्या असलेल्या बाया. या कापडांना आर्पियेरा म्हणतात. चर्चच्या आधारानं चाललेल्या मानवी हक्कांच्या संस्थेनं ती देशाबाहेर पोचवली. वर्तमानपत्रांना जे छापता येत नव्हतं, ते या चिंध्यांनी जगाला सांगितलं, आणि शिवणाऱ्यांच्या चुलीलाही थोडा आधार झाला. आपल्याकडे वाकळ शिवणाऱ्या बाईला यात नवल वाटणार नाही. कुणाचं लुगडं, कुणाचं धोतर कुठल्या थरात गेलंय, हे तिला वर्षानुवर्षं आठवतं.

गैरसमज : हे सगळं संस्थांनी, शहरी लोकांनी बाहेरून आणलेलं आहे.

वस्तुस्थिती : तुळजापूरच्या जिल्ह्यात असं कुणी म्हणावं, याचं मला वाईट वाटतं. संबळ, तुणतुणं आणि दिवटी घेऊन उभा राहणारा गोंधळ एकट्यानं होतच नाही. कथा सांगणारा लागतो, त्याला अडवून प्रश्न विचारणारा साथीदार लागतो, आणि घरच्यांनाही त्यात आपलं काम असतं. आई तुळजाभवानीच्या आणि येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या वाटेवर कवड्यांची माळ घालून गाणारे आराधी मेळे असतात. त्यांत नवऱ्यानं टाकलेल्या बाया असतात, तृतीयपंथी असतात. गावात ज्यांना कुणी जवळ बसवून घेत नाही, त्यांना मेळ्यात नाव असतं, जागा असते, पाळी आली की गाण्याचा हक्क असतो. या परंपरेत सगळंच चांगलं आहे असं मी म्हणणार नाही. देवाच्या नावानं माणसं, विशेषतः मुली, सोडली गेली, तो अन्यायच होता आणि त्याविरुद्ध कायदे करावे लागले. पण एकत्र गाऊन दुःखाचा भार वाटून घेण्याची रीत इथं कुणी शिकवायला आलं नव्हतं.

गैरसमज : कलेला जात नसते. ढोलकी वाजली की सगळे एक होतात.

वस्तुस्थिती : ही समजूत सर्वांत गोड आहे आणि म्हणूनच सर्वांत घातक. गावातली कला जातीनं वाटलेली होती. संबळ गोंधळ्याकडे, हलगी मातंगाकडे. हलगी वाजवणं हे कित्येकांसाठी आवडीचं काम नव्हतं. ते गावकीचं, बलुत्याचं काम होतं. लग्नात वाजवायची, मयतीत वाजवायची, जत्रेत देवापुढं वाजवायची आणि देवळाबाहेरच थांबायचं. नको म्हटलं तर गावाचा रोष. म्हणून ‘आपली लोककला’ म्हणून हलगीचा कार्यक्रम ठेवताना आधी विचारायला हवं: वाजवणारा कोण आहे? त्याला बिदागी काय मिळणार? कार्यक्रमानंतर तो कुणाच्या पंगतीला बसणार? हे न विचारता कौतुक केलं, तर जुनाच अन्याय नव्या मंचावर चढतो.

याच जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्यात २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ या दिवशी महार-मांग वतनदारांची परिषद भरली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले. गावकीच्या कामांनी ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या बांधून ठेवलं होतं, अशा दोन जाती एकाच मांडवाखाली बसल्या. मांडव एक होणं हीच त्या काळात मोठी गोष्ट होती. आंबेडकरी चळवळीनं एकीकडे लादलेली गावकी नाकारायला शिकवलं आणि दुसरीकडे गाणं-वाजवणं स्वतःच्या हातात घेतलं. आंबेडकरी जलसा हे त्याचं रूप. त्याच्याआधी सत्यशोधक जलसा होताच. १८७३मध्ये महात्मा फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापला आणि पुढच्या पिढीनं तमाशाचा साचा उचलून त्यात शिक्षण, सावकारी, भटशाही हे विषय भरले. साचा ओळखीचा होता, म्हणून लोक बसले. मजकूर त्यांच्या जगण्याचा होता, म्हणून उठल्यावरही बोलत राहिले. भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशानं हे गावोगाव नेलं. ढोलकी तीच राहिली. ती कुणासाठी आणि कुणाच्या सांगण्यावरून वाजायची, हे मात्र बदललं.

आपल्या शेजारच्या बार्शीत जन्मलेले शाहीर अमर शेख, वाटेगावचे अण्णाभाऊ साठे आणि दत्ता गव्हाणकर यांनी १९४४मध्ये लाल बावटा कलापथक उभं केलं. एक मुसलमान, एक मातंग आणि आणखी कितीतरी जण एका सुरात गायचे, एका ताटात जेवायचे. कलापथकातल्या माणसांना आधी आपापसात जे जमवावं लागतं, त्यालाच मी सामाजिक न्यायाचं खरं काम मानतो. मंचावरचं गाणं त्याच्या मागून येतं. शाळेत किंवा गावात नवं पथक उभं करणाऱ्यांनी म्हणूनच पहिला महिना गाण्यावर कमी आणि एकत्र बसण्या-जेवण्यावर जास्त घालवावा.

गैरसमज : ओव्या म्हणजे विठ्ठल, माहेर आणि भाऊराया. त्यात अन्यायाचा विचार कुठला?

वस्तुस्थिती : ज्यांनी ओव्या मोजक्याच ऐकल्या आहेत किंवा पुस्तकातल्या निवडक वाचल्या आहेत, त्यांचीच ही समजूत असते. निवड करणाऱ्यानं जे गोड वाटलं ते घेतलं.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८०च्या दशकात ओव्या गोळा करायला सुरुवात केली. मुळशी-मावळच्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेचं काम चाललं होतं. त्या कामातल्या बायकांच्या लक्षात आलं की बैठकीत गप्प बसणारी बाई ओवी म्हणताना मात्र सगळं सांगून जाते. मग ओव्या लिहून घेणं सुरू झालं. पुढं ते मराठवाड्यासह महाराष्ट्रभर पसरलं. सुमारे अकराशे गावांमधून एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीनं त्यांतल्या हजारो ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. पॉइत्वाँ २००४मध्ये गेले, राईरकर २०१०मध्ये गेल्या, पण काम थांबलं नाही. २०१७पासून या ओव्या ‘परी’ म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’वर कुणालाही ऐकता येतात.

त्यात माहेर आहे, विठ्ठल आहे. पण मुलगी झाली म्हणून पडलेलं सासूचं तोंड आहे, नवऱ्याचा मार आहे, दिवसभर राबून नावावर काहीच नसल्याची खंत आहे. सीतेच्या वनवासावर असंख्य ओव्या आहेत, आणि त्या गाणारी बाई बहुतेक वेळा रामाच्या बाजूनं नसते. देवळातल्या कीर्तनात जे बोलायला ती धजावली नसती, ते ती जात्यापाशी रामालाच ऐकवते. शेजारच्या बीड जिल्ह्यात, माजलगावच्या भीमनगरात १९९६मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्या तर बाबासाहेबांवरच्या आहेत. अक्षरओळख नसलेल्या बायकांनी शिक्षण, धम्म आणि आत्मसन्मान हे शब्द दळणाच्या लयीत बसवले. चळवळीचा इतिहास लिहिताना आपण सभा आणि ठराव मोजतो. त्याच काळात पहाटे तीनला घराघरांत काय गायलं जात होतं, तेही त्या इतिहासात यायला हवं.

यात एक बारकावा आहे. ओवीत बाई ‘मी’ म्हणते, पण ती ओवी फक्त तिची नसते. ती आईकडून, चुलतीकडून, जावेकडून आलेली असते आणि गाणारी तीत स्वतःच्या भावाचं, गावाचं नाव घालते. त्यामुळं मार खाल्ल्याचं दुःख गाताना ती उघडी पडत नाही, कारण समोरची दुसरी बाई तीच ओवी उचलते. ‘हे माझ्याच नशिबी’ इथून ‘हे आपल्या सगळ्यांच्या नशिबी’ इथं ती पोचते. तिसरी पायरी म्हणजे ‘हे नशीब नव्हेच’. ती पायरी ओवी एकटी चढवत नाही. मुळशीच्या बैठकींत ओवी म्हणून झाल्यावर तिच्यावर चर्चा व्हायची, ती याचसाठी.

गैरसमज : मनात साठलेलं एकदा बोलून, रडून टाकलं की माणूस मोकळं होतं. कलेनं तेच करायचं असतं.

वस्तुस्थिती : या समजुतीपायी भलं करायला गेलेल्यांच्या हातून इजा होऊ शकते, म्हणून इथं थोडं थांबायला हवं.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले. किल्लारीच्या भूकंपानं लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यातली ५२ गावं पुरती कोसळली. आठ हजारांवर माणसं दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदांखाली गेली. आपल्या बाजूला सास्तूर आणि आसपासच्या गावांत घरटी माणूस गेला. असा घाला पडल्यावर मदतीला येणाऱ्यांना वाटतं की या लोकांना बोलतं करावं, रडू द्यावं. १९८०च्या दशकात अमेरिकेत तर अशी पद्धतच निघाली: घटनेनंतर काही दिवसांत लोकांना एकत्र बसवायचं आणि काय पाहिलं, काय वाटलं ते एकाच बैठकीत सविस्तर सांगायला लावायचं. पुढं या पद्धतीची काटेकोर तपासणी झाली. अनेक अभ्यास एकत्र पाहणाऱ्या २००२च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं की अशा एकाच बैठकीमुळं पुढचा मानसिक आजार टळत नाही, आणि काही जणांचा त्रास उलट वाढल्याचीही नोंद आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली, तिच्यात सांगितलंय ते एवढंच: आधी परिस्थिती बघा, ऐकून घ्या, गरजेच्या मदतीशी माणसाला जोडून द्या. बोलायला भाग पाडू नका.

मग भूकंपग्रस्त भागात माणसं सावरली कशी? सगळी सावरली असं कुणी म्हणू नये. पण एक गोष्ट नोंदलेली आहे. घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करताना स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या कामातून गावोगावच्या बाया ‘संवाद सहायक’ झाल्या. भिंतीत कुठं काय घालायचं, सिमेंट किती, सरकारी मदत किती आणि ती कशी मागायची, हे त्या शिकल्या आणि हजारावर गावांत त्यांनी ते दुसऱ्यांना शिकवलं. २००१मध्ये भूजला भूकंप झाला तेव्हा याच भागातल्या बाया कच्छमध्ये गेल्या. भाषा वेगळी, पण ‘आमचंही घर पडलं होतं’ एवढं सांगायला ती पुरली. आपलं दुःख दुसऱ्याच्या कामी आलं, तेव्हा त्या बायांना स्वतःकडे नव्या नजरेनं बघता आलं. एकत्र भिंत उभारणं हीसुद्धा माझ्या लेखी सामूहिक निर्मितीच आहे.

आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. नव्या वसाहतींत घरं देताना जमिनीच्या हिशोबानं तीन वर्ग पाडले गेले: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. भूमिहीनाला सर्वांत लहान घर. जुनी गल्ली मोडली, सरळ रेषेतले प्लॉट आले. आधी जिच्या उंबऱ्यावर बसून दोन शब्द बोलता येत होते ती शेजारीण आता चार ओळी पलीकडे गेली. माणसांना बरं करणारी कला बसायला जागा मागते. गाव नव्यानं आखताना बायकांनी एकत्र कुठं बसायचं, हा प्रश्न कागदावर आलाच नाही.

म्हणून सामूहिक कलेचा वर्ग घेणाऱ्यानं दुःख उकरून काढू नये. आधी हाताला काम द्यावं: शिवण, रंग, माती, ताल. बोलणं यायचं तेव्हा येईल, नाही आलं तरी चालेल. आणि एखाद्याची झोप उडालेली असेल, जगणं नको झालेलं असेल, तर गाण्यावर विसंबू नये. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात त्याच्यासोबत जावं, किंवा टेली मानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर त्याच्या शेजारी बसून फोन लावावा. शेतकरी आत्महत्यांमुळं २०१५मध्ये बळीराजा चेतना अभियानासाठी यवतमाळबरोबर आपला जिल्हा निवडावा लागला होता. इथं ही गोष्ट हलक्यानं घेऊन चालणार नाही.

गैरसमज : चांगलं पथनाट्य दाखवलं की लोक जागे होतात.

वस्तुस्थिती : प्रेक्षकाला थोडं कळतं, पण बदल सर्वांत जास्त घडतो तो करणाऱ्यात. ब्राझीलचे रंगकर्मी ऑगस्तो बोआल यांनी १९७०च्या दशकात याच जाणिवेतून प्रेक्षकालाच मंचावर बोलावलं. अन्यायाचा प्रसंग दाखवायचा, मध्येच थांबवायचा आणि विचारायचं, ‘या बाईच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? या, करून दाखवा.’ बंगालमध्ये १९८५मध्ये सुरू झालेला जन संस्कृती हा गट खेड्यांत हीच रीत चालवतो.

आपल्याकडचं ठळक उदाहरण विदर्भातलं आहे. श्याम पेठकरांनी लिहिलेलं आणि हरीश इथापे यांनी बसवलेलं ‘तेरवं’ हे नाटक ज्यांच्या घरात शेतकरी आत्महत्या झाल्या अशा बायांनीच केलं. त्यांना अभिनय शिकलेल्या नट्या म्हणून उभं केलेलं नव्हतं. त्यांच्यातल्याच वैशाली येडे यांनी ११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळच्या ९२व्या साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं. उद्घाटक म्हणून लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागं घेतल्यानं वादळ उठलं होतं, आणि त्या मंचावर शेतात राबणारी बाई उभी राहिली. ती टाळ्यांसाठी बोलत नव्हती, मागच्या बायांच्या वतीनं बोलत होती. मला वाटतं, तिला ते बळ नाटकाच्या तालमींनी दिलं असावं: रोज एकमेकींसमोर उभं राहणं, चुकणं, पुन्हा म्हणणं. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०२०मध्ये, ९३वं संमेलन धाराशिवला भरलं. आपल्या जिल्ह्यातल्या अशा बायांचा स्वतःचा मंच मात्र अजून उभा राहायचा आहे.

गैरसमज : घरचं दुःख चव्हाट्यावर मांडणं म्हणजे बाईच्या अब्रूचा बाजार.

वस्तुस्थिती : हे म्हणणारे सगळे जुन्या वळणाचे असतात असं नाही, आणि या भीतीत तथ्यही आहे. बाईचं दुःख दुसऱ्याच्या अहवालासाठी, फोटोसाठी, देणगीसाठी वापरलं गेलं तर तो बाजारच. त्यावर उपाय तिला गप्प बसवणं हा नव्हे. उपाय असा की काय सांगायचं, काय गाळायचं, कुणासमोर करायचं आणि कधी थांबायचं, हे तिनं ठरवावं. कुठल्याही तालमीत ‘मी आज करणार नाही’ असं म्हणण्याची मुभा पहिल्या दिवशीच सांगायला हवी. स्वतःची गोष्ट दुसरीच्या तोंडी देण्याचीही मुभा हवी. ओवीनं ही सोय कधीच करून ठेवली होती. लहान मुलांच्या बाबतीत तर अधिक जपून वागावं. आई-वडिलांच्या मृत्यूचं चित्र मुलाला काढायला लावणारा शिक्षक मनानं चांगला असला, तरी त्यानं तसं करू नये.

गैरसमज : कलेनं जागृती झाली की न्याय आपोआप मिळतो.

वस्तुस्थिती : मिळत नाही. महिला किसान अधिकार मंच, म्हणजे मकाम, या संघटनेनं २०१८मध्ये विदर्भ-मराठवाड्याच्या ११ जिल्ह्यांत, ज्यांच्या घरच्या शेतकऱ्यानं आत्महत्या केली अशा ५०५ महिलांची पाहणी केली. त्यांतल्या ४० टक्के जणींना शेतजमिनीवरचा हक्क मिळालेलाच नव्हता. आत्महत्या ‘पात्र’ ठरली तर सरकारचे एक लाख रुपये मिळतात, ‘अपात्र’ ठरली तर काही नाही. आणि पात्र ठरायला जमीन, कर्ज, नोंदी यांचे कागद लागतात. ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही, ती कितीही सुंदर गायली तरी बँक तिला पीककर्ज देत नाही.

पण कला आणि कागद यांचं नातं तुटकही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी ठराव केला की नवरा गेल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र-जोडवी काढणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव कागदावर झाला, तरी तो पाळायचा उंबऱ्याच्या आत, आणि तिथं परिपत्रक पोचत नाही. तिथं पोचते ती शेजारीण. हळदीच्या गाण्याला एकल बाईला आग्रहानं बोलावणं, जात्याला हात लावायला तिलाच पुढं करणं, हे दोन-चार घरांनी केलं की ठरावाला जीव येतो. मराठवाड्यात एकल महिलांच्या संघटना आता रेशनकार्ड, पेन्शन आणि वारसनोंद यांसाठी तहसीलवर जातात. त्या मोर्च्यात गाणं असतं, आणि तलाठ्याच्या टेबलावर ठेवायचा अर्जही असतो. गाणं आणि अर्ज, एकाशिवाय दुसरं अपुरं आहे.

गैरसमज : मोठा महोत्सव, नावाजलेला कलावंत आणि खर्च असल्याशिवाय हे होत नाही.

वस्तुस्थिती : इंग्लंडमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथं उपयोगी पडतो. प्रौढांचे नवे वर्ग सुरू झाले, काही गाण्याचे, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. गाणाऱ्यांची एकमेकांशी ओळख लवकर घट्ट झाली. पण सात महिन्यांनी पाहिलं तर सगळेच वर्ग सारखेच जवळ आले होते. गाणं दार लवकर उघडतं, पण टिकून राहतं ते नियमित एकत्र येण्यानं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यास एकत्र करून कलेचा आरोग्यावर चांगला परिणाम होत असल्याचं मांडलं. एका दिवसाच्या महोत्सवातून हे होत नाही. दर मंगळवारी समाजमंदिरात दोन तास, चटई, सुई-दोरा, एक हलगी, आणि लहान लेकरांना सांभाळायला कुणीतरी. खर्च एवढाच. शेवटची गोष्ट सोडू नये, नाहीतर ज्यांनी यायला हवं त्याच येत नाहीत.

गैरसमज : जातं अडगळीत गेलं, ओव्या गेल्या. आता ते जुनं उकरून काय मिळणार?

वस्तुस्थिती : विजेची गिरणी आली आणि बायकांचे हात मोकळे झाले. ही चांगली गोष्ट झाली, त्या कष्टाचा गौरव करायचं कारण नाही. पण गिरणीसोबत रोजची बैठक गेली आणि तिची जागा घेणारं काही लगेच आलं नाही. बचत गटाच्या सभेत हप्ता, व्याज, सही एवढ्यात वेळ संपतो. ओव्या मात्र पूर्ण गेलेल्या नाहीत. हळदीला जातं मांडलं की त्या अजून येतात, आणि ज्या बायांनी रोज दळताना त्या म्हटल्या, त्या सत्तरी-ऐंशीत असल्या तरी आज आपल्यात आहेत. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा, वाशी: आठही तालुक्यांत हे काम शाळा-महाविद्यालयांतली मुलंमुली करू शकतात. मोबाइल प्रत्येकाकडे आहे. आधी आजीची परवानगी घ्यावी. ओवीसोबत तिचं नाव, गाव, ती कुणाकडून शिकली आणि कुठल्या गळ्यावर म्हणजे चालीवर गायली, हे लिहावं. एक प्रत तिच्याच घरात, तिच्या नातवाच्या फोनमध्ये ठेवावी. आणि मग दोघी-चौघींना एकत्र बसवून विचारावं: सीतेची ही ओवी आज म्हणायची झाली तर तिच्यात कुणाचं नाव घालाल?